एनॉक थ्वेटच्या नावावरचं वाक्य

थॉर्नबेकच्या पोस्टात स्टॅम्प घ्यायला गेलात आणि बोलता बोलता तुमच्या तोंडून एखादा जुना शब्द निसटला, की तुमची काही खैर नसायची. हेस्टर ॲल्डरसन काउंटरखालून पेन्सिल काढायची आणि म्हणायची, "थांबा थांबा, ते परत म्हणा. होतं तसंच म्हणा." मागची रांग ताटकळत उभी. कुणी पार्सल घेऊन आलेलं, कुणी पेन्शनला आलेलं, आणि ही बया आपली चिठ्ठीवर तारीख टाकतेय. "हिच्यासमोर शिंकू नका रे, तेही लिहून घेईल," असं लोक तिच्या तोंडावर म्हणायचे. हेस्टर हसायची, पण पेन्सिल खाली ठेवायची नाही.

बावन्न वर्षांची बाई. लग्न केलं नाही. वडिलांमागून पोस्ट तिच्याकडे आलं ते तिनं तीस वर्षं चोख सांभाळलं. शाळा चौदाव्या वर्षीच सुटली होती आणि त्याची खंत तिला आयुष्यभर पुरली. म्हणून शहरातल्या कुठल्याशा विद्वान मंडळानं आमच्या यॉर्कशरच्या डोंगरखोऱ्यांतल्या बोलीचा कोश करायला घेतला आणि 'शब्द गोळा करणारे पाहिजेत' असं पेपरात छापून आलं, तेव्हा हिनं त्याच दिवशी पत्र टाकलं. संपादक पार्जिटरसाहेबांचं उत्तर आलं, 'आपल्यासारख्यांच्या मदतीशिवाय हे काम अशक्य आहे.' हे पत्र तिनं बायबलमध्ये ठेवलं. किती वेळा काढून वाचलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

कामाचे नियम कडक होते. एका चिठ्ठीवर एकच शब्द. खाली तो शब्द ज्यात आला ते वाक्य, बोलणाऱ्याच्या तोंडचं, कानामात्रा न बदलता. त्याखाली त्याचं नाव, गाव, तारीख. वाक्याशिवाय शब्द चालणार नाही, आणि मनचं वाक्य तर त्रिवार चालणार नाही. आणखी एक सूचना होती: ज्या शब्दांची यादी दिली असेल तेवढंच विचारावं, बोलणाऱ्याला भरकटू देऊ नये. म्हातारी माणसं भरकटतात, असंही त्यात लिहिलं होतं.

एकोणीसशे छप्पन्न साली हेस्टरच्या वाट्याला 'ड्राय' आला. ड्राय म्हणजे कोरडा, त्यात विचारायचं ते काय, असं तिलाही आधी वाटलं. पण यादी उघडली आणि तिचे डोळेच विस्फारले. या एका शब्दाला दुसरा शब्द जोडून लोकांनी काय काय करून ठेवलं होतं! चुना-माती न घालता नुसत्या दगडावर दगड रचून उभी केली ती कोरडी भिंत. लोण्याशिवायचा पाव तो कोरडा पाव. लाकडाचा आतून भुसा करणारी बुरशी ती कोरडी कूज. अंगावरचं दूध न पाजता पोर सांभाळणारी ती कोरडी दाई. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता केलेली थट्टा, तीही कोरडीच. पाय न भिजवता पाणी ओलांडणं, ते 'ड्राय-शॉड'. असे चाळीस शब्द, आणि प्रत्येकाला माणसाच्या तोंडचं एक वाक्य पाहिजे. कोरड्या भिंतीचं नाव निघालं की गावात विचारायचं कुणाला हा प्रश्नच नव्हता. एनॉक थ्वेटला.

एनॉकनं उभा जन्म या डोंगरांवर भिंती रचल्या. वय त्र्याहत्तर, हात फावड्यासारखे, आणि तोंडात शब्द म्हणाल तर मोजून चार. सकाळी 'गार आहे', संध्याकाळी 'गारच होतं'. बायको डॉर्कस दोघांच्या वाट्याचं बोलायची. असा माणूस मे महिन्यात एका दुपारी पोस्ट बंद झाल्यावर मागच्या खोलीत येऊन बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "विचार पोस्टमास्तरीणबाई, काय विचारायचं ते."

आणि काय झालं होतं त्याला त्या दिवशी देव जाणे, एनॉक बोलायला लागला. भिंतीबद्दल बोलला, दगडाचं तोंड कसं ओळखायचं ते बोलला. हेस्टर एकेक शब्द विचारत होती, तो सांगत होता, चिठ्ठ्या भराभर भरत होत्या. पुढे 'ड्राय-शॉड' आला.

"म्हणतो की आम्ही," एनॉक म्हणाला. "ओढ्यातले ते दगड आहेत ना, मी टाकलेले. एकतीस साली. ते मी टाकले ते... आमची डॉर्कस..."

आणि तो थांबला. हेस्टरनं घड्याळाकडे बघितलं. साडेपाच होत आले होते, यादीतले सतरा शब्द अजून बाकी होते, आणि म्हातारी माणसं भरकटतात हे तर तिला छापील कळवलेलंच होतं.

"मिस्टर थ्वेट, दगडांचं राहू द्या," ती गोड आवाजात म्हणाली. "दगड यादीत नाहीत हो. आपण पुढचा शब्द घेऊ या."

"बरं," एनॉक म्हणाला.

तिनं पुढचा शब्द विचारला, त्यानं तो सांगितला. सगळे सतराच्या सतरा सांगितले. जाताना टोपी घातली, 'गार पडेल आता' म्हणाला आणि गेला. जानेवारीत त्याच्या छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत आटोपला.

मार्चमध्ये पार्जिटरसाहेबांचं पत्र आलं. कामाची तोंडभरून स्तुती होती. चाळीसपैकी एकोणचाळीस चिठ्ठ्या उत्तम, अशा दुसऱ्या कुणाच्याच नाहीत. फक्त 'ड्राय-शॉड'च्या चिठ्ठीवर एनॉक थ्वेटचं नाव आहे, तारीख आहे, वाक्य मात्र राहिलं आहे. नजरचुकीनं राहिलं असावं. पाठवता आलं तर ठीक, नाहीतर शब्द गाळावा लागेल.

आता सरळ माणसानं काय केलं असतं? 'राहिलं, गाळा,' असं कळवून मोकळं झालं असतं. आमच्या हेस्टरला ते जमलं नाही. एकोणचाळीस म्हणजे चाळीस नव्हेत, ही एकच गोष्ट तिच्या डोक्यात बसली. रविवारी चॅपलमधल्या प्रार्थनेहून परत येताना ती ओढ्यातल्या त्याच दगडांवरून आली. घरी आली, कोट काढला, आणि टेबलाशी बसून सुरेख अक्षरात लिहिलं: 'ओढ्यात मी ते दगड टाकले ते आमच्या डॉर्कससाठी, तिला कोरड्या पायांनी चॅपलला जाता यावं म्हणून.' खाली एनॉकचं नाव. मनाशी म्हणाली, तो असंच काहीतरी म्हणणार होता. डॉर्कसचं नाव तर त्यानं घेतलंच होतं, की नाही?

पत्र टाकलं आणि तिथून तिच्या मागे साडेसाती लागली. रात्रंदिवस नाही म्हणत मी, पण त्या दगडांवर तिचा पाय पडेना. म्हणून पुलावरून, अर्धा मैल वळसा घालून चॅपलला जायला लागली. कुणी विचारलं तर म्हणे, "चालणं बरं असतं."

आता ते दगड म्हणजे थ्वेटांच्या घरातलं जुनं भांडण होतं, आणि ते सगळ्या गावाला पाठ होतं. ओढ्यापलीकडे चॅपल आहे, आणि त्याच काठाला, चॅपलच्या अलीकडे शंभर पावलांवर 'काळा मेंढा' हा पबही आहे. एनॉक चॅपलला वर्षातून दोनदा जायचा आणि पबात आठवड्यातून चारदा. म्हणून डॉर्कसनं त्याला सव्वीस वर्षं टोमणे मारले. "बघा हो, बाकीचे नवरे बायकोसाठी शेल्फ ठोकतात. आमच्यांनी स्वतःच्या बिअरला रस्ता बांधला." एनॉक काही बोलायचा नाही. पाइप झटकायचा आणि त्याच दगडांवरून जायचा.

अठ्ठावन्नच्या सप्टेंबरात कोशाचा तो भाग छापून आला. मंडळानं मोठ्या मनानं ठरवलं होतं की ज्यांच्या तोंडचे शब्द आहेत त्यांच्या घरी एकेक प्रत पाठवायची. डॉर्कस थ्वेटच्या नावाचं पार्सल पोस्टाच्या थैलीतून निघालं ते हेस्टरच्याच हातात आलं. तिनं ते खणात टाकलं. पोस्टमास्तरीणबाईनं दुसऱ्याचं टपाल अडवून धरावं, याहून मोठं पाप तिच्या वडिलांच्या लेखी नव्हतं. एक दिवस आणि एक रात्र ते खणात राहिलं. दुसऱ्या सकाळी तिनं ते पोस्टमनच्या हातात दिलं आणि दिवसभर तिला अन्न गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी डॉर्कस पुस्तक घेऊन पोस्टातच आली. सत्तरीची, गोलमटोल, ओढ्यापलीकडून हाक मारली तर ऐकू येईल असा आवाज.

"हेस्टर, पोरी, मेल्यांनी मुंग्यांएवढी अक्षरं छापलीत. आमच्या म्हाताऱ्याचं नाव यात कुठं आहे ते वाचून दाखव. हे पत्रपण आलंय बघ त्याच्याबरोबर."

पत्र पार्जिटरसाहेबांचं होतं. 'आपल्या दिवंगत पतींच्या तोंडची बारा वाक्यं निवडून या भागात घेतली आहेत. त्यातलं एक वाक्य आम्हां सर्वांनाच फार भावलं, त्याच्या समासात खूण केली आहे.' हेस्टरनं पान उघडलं. खूण कुठल्या वाक्यापाशी असणार ते तिला न बघताच कळलं होतं.

"अगं वाच की. दातखीळ बसली का तुझी?"

हेस्टरनं वाचलं. स्वतःच रचलेलं वाक्य, स्वतःच्या तोंडानं, त्या माणसाच्या बायकोसमोर. आवाज इतका बारीक निघाला की डॉर्कसला काउंटरवर वाकावं लागलं.

"परत वाच," डॉर्कस म्हणाली.

परत वाचलं. मग आणखी एकदा. रांगेत दोघं-तिघं उभी होती. डॉर्कसनं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "आणि मी काय काय बोलले गं त्याला. चार माणसांत बोलले. त्याच्या भावाच्या मयतीलासुद्धा बोलले, बिअरचा रस्ता म्हणून. आणि एका शब्दानं कधी सांगितलं नाही त्यानं. तुला सांगितलं!"

हेस्टरनं तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण रांग होती, लोक बघत होते, आणि डॉर्कसच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं तोंड मिटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला स्टॅम्प दिले, तेही चुकीचे दिले.

त्या दिवसापासून डॉर्कस बदलली. आवाज खाली आला. दर दोन दिवसांनी एनॉकच्या थडग्यावर जायची आणि माफी मागायची, हे लोकांनी ऐकलं. जिला उभ्या संसारात नवऱ्यानं गोड शब्द दिला नव्हता तिला आता मिळाला होता, आणि तो मिळाल्यावर ती वाळत चालली होती. हेस्टरला हे रोज काउंटरपलीकडे दिसत होतं. 'हे माझं काम, हे मी केलं,' असं ती मनाशी म्हणायची आणि गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे द्यायची.

ऑक्टोबरात डॉर्कस परत आली, हातात कोरा कागद घेऊन.

"थडग्याचा दगड ठरवला बाई. पाथरवट गुरुवारी येतोय. नाव, साल, आणि खाली ते वाक्य. पूर्ण. त्याला मोठ्या अक्षरात लिहून हवंय, कानामात्रा न चुकता. तुझ्यासारखं अक्षर गावात कुणाचं आहे? तूच लिहून दे. तुझ्यामुळेच तर राहिलं ते."

हेस्टरनं कागद घेतला. मंगळवारी सबंध दुपार ती त्याच्यासमोर बसली. 'ओढ्यात मी' एवढं लिहिलं आणि पेन टेकलेलं तिथंच राहिलं, शाईचा डाग पडला. चिठ्ठीवर लिहायला तिला पाच मिनिटं लागली नव्हती. पण हे दगडावर कोरलं जाणार होतं, त्याच्या हाडांवर. ज्याला तिनं बोलू दिलं नाही त्याच्या छातीवर ती आपलं बोलणं ठेवणार होती. तिनं कागदाची घडी घातली आणि बुधवारी पोस्ट उघडायच्या आधी निघाली. दीड वर्षानंतर पहिल्यांदा दगडांवरून गेली, एकेक पाय जपून.

डॉर्कस ओट्याशी पावाला लोणी लावत होती. "आणलंस लिहून?"

"नाही," हेस्टर म्हणाली. "मिसेस थ्वेट, ते वाक्य त्यांचं नाही. माझं आहे. मी रचलं."

डॉर्कसची सुरी थांबली.

हेस्टर दारातच उभी राहून सगळं बोलली. चाळीस चिठ्ठ्या, एकोणचाळीस चिठ्ठ्या, पार्जिटरसाहेबांचं पत्र, खणात एक दिवस ठेवलेलं पार्सल. काही लपवलं नाही. "तुम्ही जिवाला इतकं लावून घेतलंत, आणि त्यातलं काही खरंच नाही. तुम्ही बिअरचा रस्ता म्हणालात ते कदाचित बरोबरच असेल. माझी लाज वाटते मला."

डॉर्कसनं सुरी खाली ठेवली. हेस्टरला वाटलं, आता शिव्या येणार. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग तो काय म्हणाला होता?" डॉर्कसनं विचारलं. "काहीतरी म्हणालाच असेल ना. त्यावरून तर तू रचलंस."

हा प्रश्न येईल असं हेस्टरला वाटलंच नव्हतं. तिला फक्त खोट्या वाक्याची भीती होती.

"म्हणाले, 'ते मी टाकले ते... आमची डॉर्कस...'"

"मग?"

"मग मी थांबवलं त्यांना. म्हटलं, दगड यादीत नाहीत."

डॉर्कस दोन पावलं पुढे आली. "माझं नाव घेतलं, आणि तू थांबवलंस."

"हो."

"कसा म्हणाला? चिडून? हसून? माझं नाव घेताना तोंड कसं होतं त्याचं?"

"मी वर बघितलं नाही," हेस्टर म्हणाली. "घड्याळाकडे बघत होते."

"खोटं लिहिलंस ते एक वेळ मी गिळलं असतं गं," डॉर्कस सावकाश म्हणाली. "एकटी बाई, हौस असते एकेकीला. पण त्रेचाळीस वर्षं मी वाट बघितली त्या माणसानं तोंड उघडायची. त्यानं उघडलं, आणि तू मिटवलंस. कशासाठी? पुढचा कुठला शब्द एवढा खोळंबला होता तुझा?"

"आटलेली गाय."

"काय?"

"कोरडी गाय. दूध आटलेली. तो शब्द होता पुढे."

"गाईसाठी," डॉर्कस म्हणाली. मग फडताळाकडे गेली, कोश काढला आणि टेबलावर आपटला. "आणि ते सांगितलं त्यानं? मुकाट्यानं? वाच. ते तरी त्याचं असेल. की तेही तुझंच?"

"नाही, ते त्यांचंच आहे. शब्दन् शब्द." हेस्टरनं पानं उलटली. ती चिठ्ठी तिनं त्या दिवशी भराभर उतरवली होती आणि पुढे गेली होती. पुन्हा कधी वाचलीच नव्हती. "'आमची गाय आटली त्या हिवाळ्यात मी म्हटलं, विकून टाकू. आमची डॉर्कस म्हणाली, मग आधी तुला विकते, तुझ्याकडून तरी काय निघतंय? गाय राहिली. मीही राहिलो.' एनॉक थ्वेट, थॉर्नबेक."

डॉर्कसच्या तोंडून हसू फुटलं, मोठ्ठं, तिचं जुनं. "म्हणाले होते मी! एकोणतीस साली, त्या गोठ्यात! कडाक्याची थंडी होती आणि तो बादली घेऊन उभा होता नुसता, येड्यासारखा. मला वाटलं, ऐकलंसुद्धा नाही मेल्यानं." आणि हसता हसताच तिचा चेहरा पिळवटला. तिनं ॲप्रन तोंडाला लावला. एनॉकच्या मयतीला जे रडू आलं नव्हतं ते आता आलं आणि थांबेचना.

हेस्टर ओळीवर बोट ठेवून उभी होती.

"हे होतं इथं," डॉर्कस ॲप्रनमधून म्हणाली. "याच पुस्तकात, दोन पानं अलीकडे. आणि तू मला दुसरंच वाचून दाखवलंस."

तिनं हेस्टरला बस म्हटलं नाही, आणि हेस्टरही बसली नाही.